सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस

माणसाला समान न्याय द्यायचा असेल, तर आधी माणसाकडे पाहायचं बंद करावं लागतं. ही गोष्ट न्यायदेवतेच्या फार पूर्वी लक्षात आली आणि तिने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली. आमच्या वाडीविहार संकुल महासंघाच्या ती दोन वर्षांपूर्वी लक्षात आली आणि आम्ही ॲप घेतलं.

वाडीविहार उमेळ्यात आहे. वसई रोड स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटं (रिक्षावाल्याने यायचं कबूल केल्यास). सहा इमारती आहेत: आंबा, चिकू, फणस, जांभूळ, केळ आणि माड. पूर्वी इथे याच झाडांची वाडी होती. कुठलं झाड नेमकं कुठे होतं हे पुढच्या पिढीला कळावं, म्हणून ते तोडून त्याच जागी त्याच नावाची इमारत उभी केली आहे. निसर्गाची इतकी काटेकोर नोंद मी इतरत्र पाहिलेली नाही.

इमारतींत राहणारे आम्ही बहुतेक मुंबईत नोकरी करणारे, किंवा करून दमलेले. निवृत्त माणसाजवळ काम नसतं, पण कामाची सवय असते. अशी आठ-नऊ माणसं एका खोलीत आली की महासंघ तयार होतो. वेगळं काही करावं लागत नाही.

पूर्वी आमच्याकडे तक्रारी माणसं सोडवत असत. त्यामुळे फार भांडणं होत. माडातल्या लोकांचं म्हणणं, चिकूवाले आमच्या गळतीकडे मुद्दाम दुर्लक्ष करतात. चिकूवाल्यांचं म्हणणं, माडाला गळायची सवयच आहे. अखेर कौस्तुभ पाध्ये मास्तर उभे राहिले. मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, आणि अजूनही ते सभेत बोलताना खिशात खडू शोधतात. ते म्हणाले, "गणिताला इमारत नसते. तक्रारी गणितावर सोपवा." टाळ्या झाल्या. गणिताविरुद्ध बोलायची हिंमत कुणात नव्हती, कारण मग मास्तरांनी फळ्याजवळ बोलावलं असतं.

नियम असे ठरले.

एक: प्रत्येक तक्रारीला ॲप क्रमांक देईल. दोन: सन्माननीय टेबलप्रमुखांना २ ते ९ असे क्रमांक राहतील. तक्रारीच्या क्रमांकाला ज्या टेबलाने पूर्ण भाग जाईल, ती तक्रार त्या टेबलाची. एकाहून जास्त टेबलांनी भाग जात असल्यास सर्वांत लहान टेबलाची. तीन: एकाही टेबलाने भाग न गेल्यास मासिक बैठकीत रीतसर ठराव करून क्रमांकाचा उजवीकडचा एक अंक आदरपूर्वक वगळावा, आणि उरलेल्या क्रमांकाला पुढील बैठकीत पुन्हा भाग लावावा. चार: एकच तक्रार दोनदा नोंदवता येणार नाही.

टेबल क्रमांक १ अध्यक्ष संग्रामरावांचं. एकने सगळ्याच संख्यांना भाग जातो, म्हणजे सगळ्याच तक्रारी अध्यक्षांच्या होतात, हा धोका मास्तरांनी वेळीच ओळखला. ते म्हणाले, एकने भागलं तर उत्तर मूळचीच संख्या येते. अर्थात अध्यक्षांकडे तक्रार नेली तरी ती जशीच्या तशी परत येते. हे सर्वांच्या अनुभवाशी जुळत असल्याने टेबल १ भागाकारातून वगळण्यात आलं.

राहिला प्रश्न सुरुवातीच्या क्रमांकाचा. तक्रार क्रमांक एक म्हटलं की कालच उघडलेलं दुकान वाटतं. त्यासाठी उपसमिती नेमली. तिने तीन बैठका घेऊन क्रमांक ७,३९,३८,००१ पासून सुरू करावेत अशी शिफारस केली. हाच आकडा का, याची कारणं अहवालात आहेत. अहवाल कुठे आहे, याची तक्रार नोंदवलेली आहे.

व्यवस्था सुरू झाली आणि उत्तम चालली. पहिल्या वर्षात १,१३२ तक्रारी आल्या. त्यांतल्या ५६६ टेबल २ कडे गेल्या, १८९ टेबल ३ कडे, ७५ टेबल ५ कडे आणि ४३ टेबल ७ कडे. उरलेल्या २५९ बैठकीत गेल्या आणि अंक वगळता वगळता कुठल्या ना कुठल्या टेबलावर जाऊन पडल्या. चौथ्या बैठकीपुढे एकही गेली नाही. टेबल ४, ६, ८ आणि ९ यांच्याकडे थेट एकही तक्रार गेली नाही. (चारने भाग जाणाऱ्या संख्येला आधी दोनने भाग जातो, हे त्या चौघांना पद स्वीकारतानाच ठाऊक असावं. एकजण तर सनदी लेखापाल होता.) वार्षिक सभेत या चारही टेबलप्रमुखांचा 'शून्य प्रलंबित तक्रारी' म्हणून श्रीफळ देऊन गौरव झाला.

टेबल २ यमुनाताईंचं होतं. त्या सरकारी रुग्णालयात मोठ्या सिस्टर होत्या. त्यांच्याकडे ५६६ तक्रारी आल्या, त्यांतल्या सत्तावीस राहिल्या. सत्तावीस प्रलंबित म्हणून त्यांना समज देण्यात आली.

टेबल ७ प्रस्तुत लेखकाचं.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

संकुलाच्या मागच्या भिंतीबाहेर एक जुनी पायवाट आहे. वाटेच्या एका टोकाला रेजिनाबाय तुस्कानो यांचं कौलारू घर, दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या बाजूला, त्यांची विहीर. गेल्या मे महिन्यात, पावसाळ्यात आमच्या गाड्यांचे टायर भिजू नयेत म्हणून, महासंघाने भिंतीलगत चर खणून पाइप टाकला. चर पायवाटेला आडवा गेला. वाटेवर एक जाडजूड दगडी फरशी होती, ती ठेकेदाराने काढून आमच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि तो गेला. त्याच्या कामात 'पाइप टाकणे' लिहिलं होतं, 'फरशी टाकणे' लिहिलं नव्हतं. चर साडेतीन फूट रुंद, चार फूट खोल. फरशी चरापासून सहा फुटांवर. उचलायला चार माणसं लागतात.

रेजिनाबायचं वय चौऱ्याहत्तर. माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं, म्हणून आवाज खणखणीत. गुडघे मात्र सासरी आल्यावर गेलेले. घरातल्यांनी चरावर माडाचं एक खोड आडवं टाकलं. त्यावरून बाकीचे जात-येत. रेजिनाबायना ते जमेना. त्या अलीकडे, विहीर पलीकडे.

तरी एवढ्याने काही अडलं नसतं. पण नातीचं, रोझलिनचं, लग्न ठरलं होतं. नाताळाआधीच्या आगमनकाळात त्यांच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून नाताळ उलटल्यावर, अठ्ठावीस डिसेंबरला. लग्नाच्या आदल्या दिवशी बायकांनी वाजतगाजत विहिरीवर जायचं, घरातल्या थोरल्या बाईने पहिली कळशी काढायची आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं, असा त्यांच्या घरचा रिवाज. रेजिनाबायच्या आजेसासूने काढली, सासूने काढली, आणि आता यांची पाळी. बँडवाल्यांसकट सगळं वऱ्हाड माडाच्या खोडावरून नेणं, हा रिवाजाचा भाग नव्हता.

रोझलिन सातिवलीला एका कंपनीत माल तपासते. तिला तक्रार कशी लिहायची ते माहीत होतं. तिने ॲपमध्ये 'शेजारी' या वर्गात लिहिलं: 'फरशी जागेवर ठेवा.' मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटं. ॲपने क्रमांक दिला: ७,३९,३९,१३३.

तिच्या एक मिनिट आधी जांभूळमधल्या कुणीतरी कबुतरांबद्दल तक्रार केली होती. क्रमांक ७,३९,३९,१३२. दोनने भाग गेला, यमुनाताईंनी तीन दिवसांत जाळी बसवली. दोन मिनिटांनी केळमधल्या एकाने शेजाऱ्याच्या दारावरच्या घंटीची धून बदलावी म्हणून तक्रार केली. क्रमांक ७,३९,३९,१३४. तिलाही दोनने भाग गेला, धून बदलली. रोझलिनने चहा आधी प्यायला असता किंवा नंतर प्यायला असता, तर ही कथा इथेच संपली असती.

जूनच्या दुसऱ्या रविवारी बैठक झाली. मास्तरांनी क्रमांक फळ्यावर लिहिला आणि एकेक टेबल लावून पाहिलं. भाग जाईना. दुपारी ते चरापाशी गेले. रेजिनाबाय पलीकडे वेताच्या मोड्यावर बसून तांदूळ निवडत होत्या.

"मास्तर, माझ्या फरशीचं काय झालं?"

"रेजिनाबाय, तुमच्या नंबराला दोनने भाग जात नाही."

"बरं."

"तीनने जात नाही. पाचने नाही. सातने लावला, तर दोन उरतात."

"मंग त्या दोघांना पाठवा ना," रेजिनाबाय म्हणाल्या. "दोघं ते, एक आमचा मुलगा, आनि एखादा बघू कोन मिलतोय का. चौघांत व्हईल."

मास्तरांनी समजावून सांगितलं की ते दोन म्हणजे माणसं नव्हेत, बाकी आहे. रेजिनाबाय म्हणाल्या, तुमच्या संकुलात बाकीचे पुष्कळ आहेत, ते मी रोज गॅलरीत बघते.

एक अंक वगळला. जुलैत ७३,९३,९१३. भाग गेला नाही. सभेत यमुनाताई मधेच म्हणाल्या, "द्या ती तक्रार माझ्याकडे. पाचशेसहासष्ट घेतल्या, ही पाचशेसदुसष्टावी."

"ताई, दोनने भाग जात नाही."

"मास्तर, मला भाग लावायचा नाही हो. फरशी लावायचीय."

संग्रामरावांनी टेबलावर पेपरवेट आपटला. (आमच्याकडे हातोडा नाही. मागवला आहे.) "ताई, भावना समजते. पण आज तुम्ही भाग न जाता एक तक्रार सोडवलीत, तर उद्या कुणीही उठून कुणाचीही तक्रार सोडवील. मग राहिलं काय?"

यमुनाताईंनी सभेनंतर तीन माणसं मागितली. एकाची पाठ दुखत होती, दुसऱ्याला तत्त्व आडवं येत होतं, तिसरा मी होतो.

ऑगस्टच्या सभेत ७,३९,३९१ लाही भाग गेला नाही तेव्हा मास्तरांना शंका आली. वास्तविक ती त्यांना जूनपासूनच छळत होती. त्यांनी त्या काळात तीन वह्या भरल्या होत्या. नुसत्या २ ते ९ ने नव्हे, तर अकराने, तेराने, सतराने, असं करत करत साडेआठ हजारांच्या पुढपर्यंत ज्या ज्या मूळ संख्या येतात (त्या हजाराहून थोड्या जास्त आहेत) त्या सगळ्यांनी त्यांनी रेजिनाबायच्या तक्रारीला भाग लावून पाहिला होता. हाताने. वहिनी त्या दिवसांत माहेरी होत्या. सभेत त्यांनी फळा पुसला आणि एकाखाली एक लिहीत गेले:

७३९३९१३३
७३९३९१३
७३९३९१
७३९३९
७३९३
७३९
७३
७

"मूळ संख्या," ते पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले. मग दुसऱ्या ओळीवर. "हीसुद्धा." मग तिसऱ्या. शेवटच्या सातपर्यंत ते बोट खाली नेत राहिले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. "उजवीकडून एकेक अंक काढत जा, जे उरतं ते दर वेळी मूळ संख्याच. जगात अशा फक्त त्र्याऐंशी संख्या आहेत. आणि त्या त्र्याऐंशींत सर्वांत मोठी कोणती?"

त्यांनी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.

"ही! हिच्यापुढे कुठलाही अंक जोडा, फुटते. याच्या वर काही नाही. एव्हरेस्ट आहे हो हे. आणि ते आपल्या ॲपला लागलं!" मास्तर खाली बसले. डोळे पुसत म्हणाले, "चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो की गणित रोजच्या आयुष्यात येतं. एकाचा विश्वास बसला नाही."

"आलं कुठे पण?" यमुनाताईंनी विचारलं.

"आडवं आलं ना!" मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून वाडीविहारचे दिवस पालटले. फाटकावर संख्येचा फलक लागला. शेजारी सेल्फीची सोय झाली. माणसं वसई गावातून, नालासोपाऱ्याहून, एक कुटुंब तर पार लांबच्या चांदीपहून संख्या पाहायला आलं. (संख्या कुठूनही पाहता येते असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मूळ जागी पाहिल्याचं समाधान वेगळं.) गणपतीत सजावटीत थर्माकोलचे आठ अंक केले होते आणि रोज आरतीनंतर एक अंक काढून ठेवत. पाच दिवसांचा गणपती असल्याने तीन अंक तसेच विसर्जित करावे लागले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर रेजिनाबायचा जाहीर सत्कार ठरला. सत्कारमूर्ती चरापलीकडे होत्या आणि त्यांना अलीकडे येता येत नव्हतं. ही अडचण सत्कार समितीने कल्पकतेने सोडवली. आंबे उतरवायचा एक जुना झेला वॉचमनच्या खोलीत मिळाला. त्याच्या जाळीत शाल आणि श्रीफळ ठेवून लांबलचक बांबूने ते चरावरून पलीकडे पोचवण्यात आलं. फोटो सुरेख आले. फोटोंत मागे भिंतीला टेकवलेली फरशी दिसते. तिच्यावर फुलांची माळ घातली होती.

संग्रामरावांनी भाषण केलं. "या संख्येकडून आपण काय शिकायचं? कितीही कापा, ती फुटत नाही. आपणही असंच अभंग राहिलं पाहिजे." (त्याच आठवड्यात पार्किंगवरून फणस आणि जांभूळ महासंघातून फुटून निघाले होते. सप्टेंबरात परत आले. तिकडे ॲप नव्हतं.)

रेजिनाबायना बोलायला सांगितलं. त्या पलीकडून ओरडल्या, "फुटायचं नाय, न फुटायचं नाय, मला कायच नको. मला पानी आनायला पलीकडं जायचंय."

टाळ्यांत नीट ऐकू आलं नाही.

आता चाणाक्ष वाचकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. रांग शेवटी सातवर येते. दर महिन्याला एक अंक, या हिशेबाने ती जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, अकरा तारखेला, सातवर येणार होती. सातला सातने भाग जातो. म्हणजे तक्रार माझी होणार, हे ऑगस्टातच निश्चित झालं होतं. मी तयारीत होतो. नवं पेन आणलं, त्याची शाई वाळू नये म्हणून ते वापरलं नाही, आणि रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहून चराची लांबूनच पाहणी करू लागलो. माझी गॅलरी बरोबर त्यावरच येते.

एकदा रेजिनाबायनी खालून हाक मारली. "ओ साहेब! ते जानेवारीत तुमच्याकडं येनार म्हनतात ते खरं?"

"खरं, रेजिनाबाय. अकरा तारखेला."

"तवा तुमीच असनार?"

"मीच."

"फरशी हीच?"

"हीच."

"चर ह्योच?"

"हाच."

"मंग आत्ताच का नाय करत? माझ्या नातीचं लगीन अठ्ठावीसला हाय."

मी त्यांना शांतपणे समजावलं, की आज ती तक्रार सातने भागली तर बाकी उरते, आणि बाकी उरलेली तक्रार हातात घेणं हा त्या उरलेल्या बाकीवर अन्याय आहे. रेजिनाबाय हसल्या. माझ्या बोलण्यावर इतकं मनापासून हसणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं, म्हणून मलाही बरं वाटलं.

महासंघ निष्ठुर होता असं मात्र कुणी समजू नये. नोव्हेंबरात, संख्या ७३९ वर आली असताना, लग्नाची तारीख लक्षात घेऊन दोन अंक एकदम वगळावेत असा ठराव यमुनाताईंनी मांडला. मास्तर ताडकन उठले. "सातशे एकोणचाळीसवरून थेट सात? मधल्या त्र्याहत्तरने काय पाप केलंय?" त्र्याहत्तरची बाजू कुणालाच खोडता आली नाही. ठराव फेटाळला. पण त्याच बैठकीत, सहानुभूतिपूर्वक विचार करून, वधूपक्षाला पत्र पाठवायचं ठरलं: 'शक्य असल्यास विवाह दिनांक बारा जानेवारी रोजी करावा, म्हणजे आदल्या दिवशीचा विधी व आमचा निर्णय एकाच मुहूर्तावर येतील.' पत्र झेल्यातून पोचवलं. उत्तर झेल्यातून आलं. रोझलिनने लिहिलं होतं: 'चर्चमध्ये लग्नासाठी आमची नावं वाचून झाली. हॉल घेतला. नवरा बोटीवरून तेवढ्याचसाठी येतोय. फरशी सहा फुटांवर आहे.'

शेवटचं वाक्य विषयाला सोडून आहे, असा शेरा मारून पत्र दप्तरी दाखल केलं.

डिसेंबरच्या बैठकीत ७३. भाग गेला नाही. सगळे एकमेकांना पेढे देत होते. आता एकच पायरी!

सत्तावीस डिसेंबर, शनिवार, दुपारचे चार. रेजिनाबायच्या अंगणात मांडव, पताका, बँड. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, कळश्या घेऊन उभ्या. आम्ही सगळे भिंतीच्या आतल्या बाजूला कठड्यावर बसून पाहत होतो. मास्तर होते, संग्रामराव होते, टेबल ३, ४, ५, ६, ८, ९ सहकुटुंब होते. बँडवाल्याने विचारलं, कुठल्या बाजूने जायचं. रेजिनाबाय चराच्या कडेशी येऊन थांबल्या. पायात नव्या चपला. माडाच्या खोडाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हातातली कळशी कमरेवरून खाली ठेवली.

पाचूबंदरहून त्यांच्या भावाचा मुलगा शेल्डन आला होता. बोट चालवतो. त्याने विचारलं, "आत्ये, ती फरशी कोनाची?"

"आपलीच."

"मंग अशी उभी का?"

"तिला नंबर लागलाय," रेजिनाबाय म्हणाल्या.

शेल्डनने कोट काढून खुर्चीवर टाकला. रोझलिनचा बाप आला, बँडमधला ढोलवाला आला. तिघे झाले. चौथा मिळेना. शेल्डनने कठड्याकडे पाहिलं. "अंकल, एक हात द्या ना कोनतरी."

मास्तर कळवळून म्हणाले, "अरे बाबा, फक्त पंधरा दिवस! अकराला सातवर येतंय! एवढी थांबली, आता शेवटच्या पायरीवर कशाला..."

तेवढ्यात आमच्या मागून कुणीतरी कठड्यावर चढलं आणि पलीकडे उतरलं. यमुनाताई. पदर खोचलेला. "धर रे त्या कोपऱ्याला," त्या शेल्डनला म्हणाल्या. "आणि ढोलवाले, कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. उद्या माझ्याकडे याल पाठ धरून."

फरशी बसली. बँड वाजला. रेजिनाबाय पहिल्या गेल्या, पाय एकदा टेकवून, फरशी डुगडुगते का ते पाहून. मग बाकीच्या बायका. पहिली कळशी भरल्याचा गलका आम्हाला कठड्यावर ऐकू आला. मास्तरांनी तोंड फिरवलं होतं.

तीस तारखेला तातडीची बैठक झाली. प्रश्न गंभीर होता. फरशी जागेवर आली, म्हणजे तक्रार त्र्याहत्तरवरच मेली. जगातली सर्वांत सुंदर रांग आमच्या डोळ्यांदेखत शेवटच्या अंकावर तुटली. ठराव मांडला गेला: 'प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत सदर फरशी पूर्ववत काढून भिंतीला टेकवून ठेवावी.' यमुनाताई सोडून सर्वांनी हात वर केला. (माझा डावा हात होता, उजव्यात चहा होता.) ठराव मंजूर झाला. अंमलबजावणीला चार माणसं हवी होती. ती जमली नाहीत. त्यामुळे फरशी आजही तिथेच आहे.

कागदावर तक्रार उघडीच असल्याने अकरा जानेवारीला सात आले. मास्तरांनी फळ्यावर सात भागिले सात केलं. उत्तर एक, बाकी शून्य. सभागृह उभं राहिलं. फाइल माझ्या हाती आली, आणि मी त्याच दुपारी पहिल्यांदाच भिंतीबाहेर जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. मग नवं पेन काढून शेरा लिहिला: 'स्थळपाहणी केली असता फरशी जागेवर असल्याचे दिसून आले. तक्रारीत तथ्य आढळले नाही. निकाली.' आठ महिने चाललेलं प्रकरण माझ्या टेबलावर अर्ध्या तासात संपलं, याची वार्षिक अहवालात खास नोंद आहे.

रोझलिन सासरी गेलेली. ॲपचा संदेश रेजिनाबायच्या फोनवर आला. त्यांनी मला थांबवून तो वाचायला लावला. मी वाचला.

"तथ्य म्हंजे?"

"म्हणजे खरेपणा."

"नव्हता?"

"आज नव्हता," मी म्हणालो.

त्यांनी फोन माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाल्या, "साहेब, तुमी कठड्यावर बसून सारखं घड्याळ बघत होता त्या दिवशी. आमच्या शेल्डनला किती वेळ लागला हो?"

मी खरंच पाहिलं होतं. "अकरा मिनिटं."

"अकरा," रेजिनाबाय म्हणाल्या. त्यांनी कळशी कमरेला लावली आणि त्या फरशीवरून पलीकडे पाण्याला गेल्या. मी तिथेच उभा राहून विचार करत होतो, की अरेच्चा, अकरालाही कशानेच भाग जात नाही.

तुम्हीही आत्ता तोच विचार करत होता.